बॉम्बे रक्तगट : 'ओ' भासणारा, पण 'ओ' नसणारा

जगभरातील रक्तपेढ्यांत मुंबईचे नाव परिचित आहे, ते एका दुर्मीळ रक्तगटामुळे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट शोधून काढला आणि 'बॉम्बे रक्तगट' या नावाने तो सर्वत्र ओळखला जाऊ लागला.

शर्करेची खूण

तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी कोणती शर्करा आहे, यावर आपला रक्तगट ठरतो. शर्करा जोडण्याचे हे कार्य विकरे, म्हणजेच एन्झाइम, करतात. प्रथम एक विकर साखळीला फ्युकोज ही शर्करा जोडते व 'एच' ही खूण तयार होते. 'ए' गटाचे विकर या 'एच'वर ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन, तर 'बी' गटाचे विकर गॅलॅक्टोज बसविते. 'एबी' गटात दोन्ही विकरे असतात. 'ओ' गटात यांपैकी एकही कार्यक्षम नसते, म्हणून तेथे 'एच' खूण तशीच राहते.

बॉम्बे गटाच्या व्यक्तीत फ्युकोज जोडणारे विकरच निकामी असते. पायाच नसल्यामुळे 'ए' वा 'बी'चे विकर असूनही त्याला आपली शर्करा जोडता येत नाही.

धोका कोठे आहे?

नेहमीच्या चाचणीत या व्यक्तीच्या रक्तपेशी 'ओ' गटाच्याच भासतात. परंतु तिच्या रक्तद्रवात 'एच'विरोधी प्रतिद्रव्ये असतात आणि 'ओ' रक्तात 'एच' विपुल असते. असे रक्त दिल्यास प्राणावर बेतू शकते. तिला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. भारतात हा गट सुमारे १०,००० व्यक्तींत एकाचा आढळतो. व्यक्तीचा रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींशी मिसळून पाहिल्यास गुठळ्या होतात व संशय येतो. 'एच'विरोधी द्रव्याच्या चाचणीने त्याची खात्री करता येते. म्हणून केवळ पेशी न तपासता रक्तद्रवही तपासणे अगत्याचे आहे.

याला एक सामाजिक बाजूही आहे. 'ओ' अशी नोंद असलेल्या मातेस 'एबी' गटाचे मूल झाले, तर घरात नाहक संशय निर्माण होतो. वस्तुतः माता बॉम्बे गटाची असेल आणि तिचे सुप्त जनुक अपत्यात प्रकट झाले असेल.

आपले कर्तव्य

हा गुण आई व वडील या दोघांकडून आल्यासच प्रकट होतो. त्यामुळे नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. कुटुंबात अशी एक व्यक्ती आढळल्यास तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी; त्यांच्यातच दुसरा दाता मिळण्याचा संभव अधिक असतो.

रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अशा व्यक्तींची नोंद, त्यांच्या संमतीने, रक्तपेढीकडे होईल असे पाहावे. संकटाच्या रात्री दाता शोधत फिरण्यापेक्षा आधीच केलेली ही एक नोंद एखाद्याचा जीव वाचवू शकेल.