न्यूट्रिनो: काकरापारचे, सूर्याचे आणि ध्रुवावरच्या बर्फातले

काकरापारच्या अणुभट्ट्यांतून निघणारे न्यूट्रिनो नावाचे कण सुरतेपर्यंत पोहोचतात, तेव्हा ते अपायकारक असणारच, हा समज अर्धाच खरा आहे. भट्ट्यांतून प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोंचे प्रतिकण, अखंड बाहेर पडतात आणि कोणतीही भिंत त्यांना अडवत नाही. पण सुरतेत सूर्याचे न्यूट्रिनो त्यांच्या हजारोपट येतात: नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी. रात्री तर ते पृथ्वी भेदून पायांखालून येतात. अख्ख्या पृथ्वीतून जवळजवळ सगळेच न अडखळता पार होतात, तिथे शरीराला त्यांचा उपद्रव होत नाही.

न्यूट्रिनो टिपणाऱ्या दुर्बिणीला भिंग असते, हाही गैरसमजच. दक्षिण ध्रुवावरच्या ‘आइसक्यूब’मध्ये ५,१६० प्रकाशसंवेदक बर्फात दीड ते अडीच किलोमीटर खोल लटकवले आहेत. क्वचित एखादा न्यूट्रिनो तिथे अणूवर आदळतो. त्यातून सुटलेला भारित कण निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश सोडतो. कोणत्या संवेदकाला तो कधी दिसला, यावरून दिशा आणि ऊर्जा काढतात. सुरतेवरच्या आकाशातले बरेच न्यूट्रिनो तिथे जमिनीखालून वर येताना दिसतात.

भारत यात उशिरा आला, असे म्हणणेही बरोबर नाही. वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो जगात सर्वप्रथम १९६५ साली टिपले गेले, त्यांत कोलारच्या सोन्याच्या खाणीतला प्रयोग होता. दोन किलोमीटरहून खोल मांडलेल्या त्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसोबत ओसाका आणि डरहॅमचे शास्त्रज्ञ होते. हे आपल्या शाळांत शिकवले जायला हवे.

आणि नवे कण फक्त सर्न प्रयोगशाळेतच शोधता येतात का? तसे नाही. तिथल्या प्रोटॉन-टकरींची ऊर्जा १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिसिलीजवळच्या समुद्रतळावर ‘केएम३नेट’ या दुर्बिणीने टिपलेल्या न्यूट्रिनोची अंदाजे ऊर्जा २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट होती; स्थिर प्रोटॉनवर तो आदळला, तर टकरीची ऊर्जा सुमारे २० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते.

मात्र ऊर्जा मोठी म्हणून नवा कण सापडला, असे होत नाही. खरा पुरावा प्रमाणांत शोधतात. न्यूट्रिनोचे तीन प्रकार दूरच्या प्रवासात एकमेकांत बदलत पृथ्वीपर्यंत साधारण समसमान होऊन यायला हवेत. एक प्रकार फार कमी भरला, किंवा पृथ्वीत काही प्रमाणात शोषले जाणारे अतिऊर्जावान न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा जास्त गळाले, तर अज्ञात कणाचा किंवा बलाचा संशय घेता येईल. २०१७ साली आइसक्यूबने पृथ्वीत शोषले गेलेले न्यूट्रिनो मोजले. आकडा प्रचलित सिद्धान्ताशी जुळला. चौथ्या, ‘निष्क्रिय’ न्यूट्रिनोचाही निर्णायक पुरावा तिथे अजून मिळालेला नाही.