पट्टा आणि पात्रता

हळदीच्या दिवसांत वसमतच्या मोंढ्यात जो कोणी फिरला असेल, त्याने एक गोष्ट अवश्य पाहिली असेल. शिजवून, वाळवून व घासून चकचकीत केलेल्या हळकुंडांचा ढीग समोर असतो. परंतु जाणता खरेदीदार त्या झळाळीस भुलत नाही. तो ढिगातील एक हळकुंड उचलतो, मोडतो व आतील रंग पाहतो. सन 2024 मध्ये वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. तथापि तेवढ्यावरून हळकुंड मोडून पाहण्याची रीत सोडून देण्याचे कारण नाही. हाच विचार मनात ठेवून आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांचे व त्यांच्या पालकांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो.

अलीकडे लहानमोठ्या गावांतूनही कराटे, तायक्वांदो व किकबॉक्सिंग यांचे वर्ग निघू लागले आहेत. किकबॉक्सिंग म्हणजे हातमोजे घालून ठोसे व लाथा यांनी खेळावयाचे द्वंद्व. अशा पुष्कळ वर्गांत नव्या मुलास प्रथम पांढरा पट्टा मिळतो. पुढे परीक्षा देत देत पिवळा, हिरवा असे रंग पालटत जातात व अखेरीस काळा पट्टा येतो. (येथे पट्टा म्हणजे कमरेस बांधावयाचा, दांडपट्ट्यातील नव्हे.) परीक्षेस शुल्क लागते, आणि बेताच्या मिळकतीच्या घरात ते जाणवते. तेव्हा पालक विचारतात की, या पट्ट्यांत काही अर्थ आहे की हा केवळ रंगांचा बाजार आहे? प्रश्न रास्त आहे, व त्याचे उत्तर शोधण्यासाठी ही चाल कोठून आली हे पाहिले पाहिजे.

सन 1882 मध्ये जिगोरो कानो यांनी तोक्यो येथे ‘कोदोकान’ नावाची ज्यूदोची शाळा स्थापिली. तत्पूर्वी जपानातील जुने गुरू शिष्याची तयारी पाहून त्यास लेखी सनद देत. परंतु एका सनदेपासून दुसरीपर्यंत कित्येक वर्षे लोटत. कानो हे व्यवसायाने शिक्षक होते. तरुणांचा उत्साह टिकावयाचा तर पायऱ्या जवळजवळ हव्यात, हे ओळखून त्यांनी श्रेणी पाडल्या व 1883 साली दोघा शिष्यांस पहिली ‘दान’ श्रेणी दिली. जपानी भाषेत ‘दान’ म्हणजे पायरी. आपल्याकडील दानाशी त्याचा संबंध नाही. काळा पट्टा त्यानंतर आला, आणि मधल्या रंगीत पट्ट्यांची चाल पुढे युरोपात रुजली. कराटेचे आचार्य गिचिन फुनाकोशी यांनी 1924 साली हीच श्रेणीपद्धती उचलली.

किकबॉक्सिंगचे कूळ मात्र दुहेरी आहे. 1960 नंतरच्या दशकात जपानात कराटे व थायलंडची मुय थाय यांच्या संयोगातून हा खेळ आकारास आला. कराटेकडून त्यास पट्टा मिळाला. मुय थायमध्ये मुळात पट्ट्यांची श्रेणी नाही. तेथे खेळाडू गुरूने दिलेले ‘मोंगकोन’ नावाचे शिरोबंधन घालून रिंगणात उतरतो व झुंज सुरू होण्यापूर्वी ते उतरविले जाते. त्याची योग्यता पुढील काही मिनिटांतच ठरावयाची असते.

आमच्या तालमींची रीत याहून फार निराळी नाही. नवा मुलगा आधी आखाड्याची माती उकरतो, जोर-बैठका काढतो, मग डाव शिकतो. त्याची जोड कोणाशी लावावयाची हे वस्ताद ठरवितात. जत्रेच्या फडात लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर वा नारळावर लागतात, व शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची असते. म्हणजे पायऱ्या येथेही आहेत. परंतु त्या कमरेस बांधून मिरविता येत नाहीत, प्रत्येक फडात नव्याने चढाव्या लागतात. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले व 1952 साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकिले. त्यांची पायरी कोणत्याही पट्ट्याने नव्हे, आखाड्याने ठरविली.

मग पट्टा टाकूनच द्यावा काय? आमचे मत तसे नाही. वर्गात येणारी बहुतेक मुले कधीही रिंगणात उतरणार नाहीत. ती येतात व्यायामासाठी, धीटपणासाठी. त्यांच्यापुढे जवळची पायरी नसेल, तर चार महिन्यांत कंटाळून घरी बसतील. शाळेत इयत्ता आहेत, स्काउट पथकात सोपान आहेत, संगीतात प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत परीक्षा आहेत. त्या मुलांस उपकारक ठरल्या आहेत. पायरी हा दोष नव्हे.

दोष निराळा आहे. जेथे परीक्षेस बसलेला प्रत्येक मुलगा उत्तीर्ण होतो, तेथे पट्टा ही पावती होते. तीन महिने हवेत ठोसे मारून पिवळा पट्टा बांधलेला मुलगा अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. आपण कोणासही आवरू शकू असे त्यास वाटते, व त्या भरवशावर तो नको त्या भांडणात पडला तर मार खातो. चुकीचा गुणांक वहीत राहतो. चुकीचा पट्टा मुलाच्या अंगाशी येतो. म्हणून आम्ही म्हणतो की, पट्ट्याची खरी किंमत तो नाकारण्याच्या गुरुजींच्या धैर्यात आहे. ज्या वर्गात ‘अजून तयारी नाही’ असे सांगितले जाते, त्याच वर्गाचा पट्टा काही सांगतो.

तेव्हा पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली: येथे कोणी अनुत्तीर्ण होतो काय? दुसरी: परीक्षेत मुलगा प्रतिकार करणाऱ्या जोडीदारासमोर, शिरस्त्राण व दातांचे कवच लावून, गुरुजींच्या देखरेखीखाली हलक्या हाताने खेळून दाखवितो काय, की केवळ पाठ केलेल्या हालचाली करतो? तिसरी: जोड लावताना वजन, वय व अनुभव पाहतात, की पट्ट्याचा रंग? वाढत्या वयातील मुलाच्या डोक्यावर जोराचे तडाखे बसणे घातक आहे, आणि भारी जोडीदाराचा ठोसा रंग पाहून हलका होत नाही. चौथी: परीक्षा किती व शुल्क किती, हे प्रवेशाच्या वेळीच सांगतात काय, आणि शुल्क भरता न आलेल्या गुणी मुलाची वाट अडते काय? या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मुलास निःशंक पाठवावे.

आणि आमच्या विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे आहे. परीक्षेत पट्टा नाकारला गेला, तर रुसून वर्ग सोडू नका. त्या दिवशी तुमच्या गुरुजींनी तुम्हांस खरे सांगितले, एवढे ध्यानात ठेवा व दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावास जा. पट्टा मिळाला, तर तो दान म्हणून नव्हे, कमाई म्हणून बांधा. आणि कोणी मोडून पाहिले तरी आत तोच रंग निघेल, अशी तयारी ठेवा.