मागून आणलेला पंप
परसातल्या लिंबासाठी शेजाऱ्याचा बॅटरीवरचा फवारणी पंप मी दिवाळीनंतर मागून आणला आणि माळ्यावर ठेवून विसरलो. हा शेजारी वरणगाव शिवारात कपाशीवर मजुरीने फवारणी करतो. पावसाळ्यात पंप चालेना. मिस्त्रीचाचांनी उघडून दाखवले : मोटर शाबूत, बॅटरी गेलेली. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेली पडून राहिली, की पट्ट्यांवर क्षाराचा कठीण थर बसतो. मग ती वीज धरत नाही. वायसर, नोझल थोडक्यात बदलतात. बॅटरीत मात्र त्याची तीन दिवसांची मजुरी गेली असती. ती मी भरली. बुडालेले दोन रोज कसे भरणार? तेव्हा श्रोतेहो, पंप ठेवताना टाकी धुवा, नोझलमधून स्वच्छ पाणी सोडा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा.