दोन औषधं, एकच कण
एएमएल या रक्ताच्या कॅन्सरवर सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही जोडी कित्येक दशकं वापरात आहे. अडचण अशी, की शिरेतून सोडल्यावर दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेगानं शरीराबाहेर पडतात. ठरवलेलं प्रमाण पेशीपर्यंत टिकतच नाही. ‘व्हिक्सिऑस’ या औषधात ही दोन्ही सुमारे १०० नॅनोमीटरच्या एकाच स्निग्ध कणात, म्हणजे लायपोसोममध्ये, ५:१ या रेणुप्रमाणात कोंडली आहेत. मला तर कणापेक्षा कमाल या प्रमाणाची वाटते! ६० ते ७५ वयाच्या, जास्त जोखमीच्या रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीनं मध्यक जगण्याचा काळ ५.९५ महिने होता, ‘व्हिक्सिऑस’नं ९.५६. ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र हे औषध दिल्यावर रक्तपेशी सावरायला जास्त दिवस लागतात, आणि साध्या इंजेक्शनांच्या जागी हे परस्पर बदलून देता येत नाही.