विश्लेषण : दीड लाखाचा ‘रेट्रो’ कॅमेरा विकत घ्यावा की भाड्याने?

जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा दिसणारा, खिशात नाही पण गळ्यात सहज मावणारा, लेन्स बदलता न येणारा डिजिटल कॅमेरा सध्या तरुणांच्या इच्छा-यादीत वरच्या क्रमांकावर आहे. ‘फुजीफिल्म एक्स १०० सिक्स’ हे त्यातले सर्वाधिक चर्चेतले नाव. भारतात त्याची किंमत दीड लाखाच्या पुढे जाते. त्यामुळे मुंबई-पुण्यात अनेक जण तो आधी दोन-चार दिवसांसाठी भाड्याने घेऊन पाहतात. हा व्यवहार कधी फायद्याचा ठरतो, कॅमेरा हातात घेताना काय तपासावे आणि तो पडला, भिजला किंवा परत द्यायला उशीर झाला, तर कायदा काय सांगतो, याविषयी…

या कॅमेऱ्याची एवढी मागणी का?

‘एक्स १००’ मालिकेतला पहिला कॅमेरा २०१०मध्ये जाहीर झाला आणि २०११मध्ये बाजारात आला. बाह्यरूप साठ-सत्तरच्या दशकातल्या फिल्म कॅमेऱ्याचे, आत मात्र डिजिटल संवेदक. त्यानंतर २०१३मध्ये ‘एस’, २०१४मध्ये ‘टी’, २०१७मध्ये ‘एफ’ आणि २०२०मध्ये ‘व्ही’ या आवृत्त्या आल्या. ‘व्ही’ समाजमाध्यमांवर इतका गाजला की वापरलेले कॅमेरेही मूळ किमतीपेक्षा महाग विकले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२४मध्ये सहावी आवृत्ती म्हणजे ‘सिक्स’ जाहीर झाली. त्या वेळी अमेरिकेत तिची किंमत १,५९९ डॉलर होती. मागणी मोठी आणि पुरवठा तोकडा, असे चित्र त्यानंतरही बराच काळ कायम राहिले.

फोनमध्ये उत्तम कॅमेरा असताना हा खटाटोप कशासाठी, याची दोन उत्तरे आहेत. पहिले रंगांचे. फुजीफिल्म ही १९३४पासूनची फिल्म बनवणारी कंपनी. तिच्या ‘प्रोव्हिया’, ‘व्हेल्व्हिया’, ‘अॅक्रॉस’ अशा फिल्मच्या रंगछटा कॅमेऱ्यातच निवडता येतात. ‘सिक्स’मध्ये अशा २० छटा आहेत. फोटो संगणकावर घेऊन रंगवत बसावे लागत नाही. दुसरे उत्तर हाताळणीचे. छिद्रमान, शटरचा वेग, प्रकाशाची कमी-जास्त पातळी या सगळ्यांसाठी स्वतंत्र कड्या आणि चकत्या आहेत. पडद्यावरच्या याद्यांमध्ये बोट फिरवण्याऐवजी हाताने काहीतरी फिरवायचे, हे अनेकांना भावते.

लेन्स बदलता येत नाही, ही उणीव नाही का?

उणीव आहेच, आणि भाड्याने घेऊन पाहण्याचे सर्वात मोठे कारणही तेच. या कॅमेऱ्याला २३ मिमी एफ-२ अशी एकच लेन्स कायमची जोडलेली आहे. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने तिचा दृष्टिकोन ३५ मिमी लेन्सएवढा भरतो. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीचा असतो. म्हणजे फोनमध्ये जेवढा परिसर मावतो त्यापेक्षा इथे थोडा कमी मावतो. झूम नाही. दूरचे जवळ आणायचे तर स्वतः चालत पुढे जायचे. कॅमेऱ्यातच फोटो कापून ५० किंवा ७० मिमीसारखा परिणाम मिळवण्याची सोय आहे, पण ते कापणेच असते.

रस्त्यावरचे जीवन, प्रवास, घरातली माणसे, जेवणाचे ताट यासाठी ही लेन्स उत्तम. पक्षी, क्रिकेटचे मैदान किंवा व्यासपीठावरचा गायक टिपायचा असेल तर निराशा पदरी पडते. लग्नात पाहुणा म्हणून गेल्यास हा कॅमेरा मजा देतो. पण मुख्य छायाचित्रकार म्हणून केवळ त्याच्यावर विसंबणे धोक्याचे. एकच लेन्स आणि मेमरी कार्डासाठी एकच खाच असल्याने कार्ड बिघडले तर दुसरी प्रत उरत नाही.

भाड्याचे गणित कसे मांडावे?

अनेक जण रोजचे भाडे आणि पूर्ण किंमत यांची तुलना करतात. ती अपुरी असते. समजा, कॅमेरा १ लाख ६० हजारांचा आहे आणि दिवसाचे भाडे २ हजार रुपये आहे. सरळ भागाकार केला तर ८० दिवसांच्या भाड्यात कॅमेरा विकत येतो. पण विकत घेतलेला कॅमेरा पुढे विकताही येतो. दोन वर्षांनी तो ३० टक्के कमी किमतीला गेला असे धरले, तर मालकाचा खरा खर्च ४८ हजार होतो. म्हणजे २४ दिवसांचे भाडे. या हिशेबाने वर्षाला १२ दिवसांहून अधिक वापर असणाऱ्याला खरेदी स्वस्त पडते, त्याहून कमी असणाऱ्याला भाडे. प्रत्यक्ष दर शहरानुसार, मोसमानुसार बदलतात. आपल्याला मिळालेले आकडे याच पद्धतीने घालून पाहावेत.

त्यात आणखी तीन गोष्टी मिळवाव्यात. अनामत रक्कम किती दिवस अडकून राहणार, भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का आणि ‘एक दिवस’ म्हणजे २४ तास की दुकान बंद होईपर्यंत. शनिवारी सकाळी नेऊन सोमवारी सकाळी परत केल्यास काही ठिकाणी दोन दिवसांचे भाडे लागते, काही ठिकाणी तीन दिवसांचे.

केवळ आजमावण्यासाठी घेत असाल तर एक दिवस पुरत नाही. पहिला दिवस चकत्यांची सवय होण्यातच जातो. हा कॅमेरा रोज सोबत बाळगण्यासाठी आहे. म्हणून सहलीऐवजी कामाच्या आठवड्यातले तीन-चार दिवस तो घ्यावा. लोकलच्या गर्दीत, कार्यालयाच्या पिशवीत ५२१ ग्रॅमचे वजन नकोसे वाटते का, हे तेव्हाच कळते.

कॅमेरा ताब्यात घेताना काय तपासावे?

आधी नेमकी आवृत्ती विचारावी. ‘एफ’, ‘व्ही’ आणि ‘सिक्स’ दिसायला सारखेच, पण ‘एफ’चा मागचा पडदा वर-खाली होत नाही आणि हात हलला तर सावरणारी यंत्रणा फक्त ‘सिक्स’मध्ये आहे. ‘एफ’ २४ मेगापिक्सेलचा, ‘व्ही’ २६चा, तर ‘सिक्स’ ४० मेगापिक्सेलचा आहे. भाडे सारखे असण्याचे कारण नाही.

त्यानंतर दुकानातच संवेदकावर धूळ आहे का ते पाहावे. छिद्रमान एफ-१६वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून न्याहाळावा. काळपट ठिपके दिसले तर ती धूळ. लेन्स निघत नसल्याने ती घरी पुसता येत नाही, कॅमेरा दुरुस्ती केंद्रातच न्यावा लागतो. परत करताना हे ठिपके आपल्या नावावर लागू नयेत म्हणून तो फोटो जपून ठेवावा. जुन्या आवृत्तीच्या लेन्समध्ये मोबाइलची बॅटरी मारून बुरशी आहे का तेही पाहावे. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत ती सहज धरते.

पुढची तपासणी पाच मिनिटांची. सगळ्या कड्या-चकत्या फिरतात का, पुढची कळ दाबल्यावर दृश्यदर्शक काचेवरून इलेक्ट्रॉनिक चित्रावर बदलतो का, फ्लॅश उडतो का, बॅटरी, चार्जर आणि लेन्सचे झाकण सोबत आहे का. कोपऱ्यांवरचे ओरखडे आणि तळाचा अनुक्रमांक यांचा व्हिडीओ दुकानदारासमोरच काढावा. मेमरी कार्ड शक्यतो स्वतःचे वापरावे.

पावसाळ्यात वापरता येतो का?

इथे गैरसमज सर्वाधिक. ‘व्ही’ आणि ‘सिक्स’ पाऊस-धुळीला तोंड देऊ शकतात, असे सांगितले जाते. पण लेन्सच्या तोंडाशी फिल्टरसाठीची कडी आणि तिच्यावर संरक्षक फिल्टर बसवल्यावरच ती सोय पूर्ण होते. या दोन वस्तू वेगळ्या घ्याव्या लागतात. भाड्याच्या संचात त्या नसतील तर लोणावळ्याच्या धुक्यात किंवा मरीन ड्राइव्हच्या लाटांपाशी कॅमेरा उघडा ठेवू नये. फिल्टर लावला तरी तो जलरोधक होत नाही.

नवख्याने पहिल्या दिवशी काय करावे?

छिद्रमानाची कडी आणि शटरची चकती दोन्ही ‘ए’ या अक्षरावर ठेवावी. मग कॅमेरा फोनसारखाच स्वतः निर्णय घेतो. फोटो एकदम काळे किंवा पांढरेफटक येऊ लागले तर यंत्र बिघडले असे समजण्याआधी एखादी चकती चुकून फिरली आहे का ते पाहावे. हात सावरणारी यंत्रणा मंद प्रकाशात उपयोगी पडते, पण धावणाऱ्या मुलाला ती स्थिर करू शकत नाही. त्यासाठी शटरचा वेग वाढवावाच लागतो. अजिंठ्यासारख्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, त्यामुळे तो आधीच बंद करून ठेवावा. रंगछटा पसंत पडेल की नाही याची खात्री नसेल, तर जेपेगसोबत ‘रॉ’ फाइलही साठवावी. तिच्यावरून कॅमेऱ्यातच दुसऱ्या छटेचा फोटो नंतर तयार करता येतो.

नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची?

भाड्याने वस्तू देणे-घेणे हा भारतीय करार अधिनियम, १८७२नुसार ‘निक्षेप’ ठरतो. कलम १५१नुसार घेणाऱ्याने समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. तेवढी घेतली असेल आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर कलम १५२नुसार नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. प्रत्यक्षात दुकानदाराच्या अर्जात बहुधा ‘वेगळे काही’ लिहिलेलेच असते. म्हणून सही करण्यापूर्वी तो वाचणे अपरिहार्य.

दुकानदारालाही बंधने आहेत. वस्तूत दोष असेल तर तो सांगणे त्याचे कर्तव्य आहे. भाड्याच्या व्यवहारात दोष त्याला ठाऊक नसला तरी त्यातून होणाऱ्या हानीस तो जबाबदार ठरतो, असे कलम १५० सांगते. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कलम ७४नुसार त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. किरकोळ ओरखड्यासाठी संपूर्ण अनामत जप्त करणे त्यामुळे आपोआप योग्य ठरत नाही.

सर्वात दुर्लक्षित कलम १६१ आहे. स्वतःच्या कसुरीमुळे वस्तू वेळेत परत केली नाही, तर त्या क्षणापासून होणाऱ्या नुकसानीस घेणारा जबाबदार असतो. उशीर होणार असेल तर मुदत संपण्याआधी मुदतवाढ मागावी आणि ती संदेशातून लेखी मिळवावी. भाड्याने आणलेली वस्तू परस्पर विकणे किंवा गहाण टाकणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६खालील फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. अशा प्रकारांच्या भीतीनेच दुकानदार ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मोठी अनामत मागतात.

कागदपत्रे देताना आणि कॅमेरा परत करताना कोणती काळजी घ्यावी?

आधारची प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. प्रतीवर ‘फक्त कॅमेरा भाड्यासाठी’ असे लिहून तारीख टाकावी. मूळ ओळखपत्र दुकानात ठेवू नये. अनामत रोखीऐवजी बँकेमार्फत द्यावी आणि पावतीवर ती कधी परत मिळणार ते लिहून घ्यावे.

परत करण्यापूर्वी स्वतःचे कार्ड काढले का ते पाहावे. दुकानाच्या कार्डावर फोटो काढले असतील तर ते उतरवून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. फोनशी केलेली जोडणी दोन्हीकडून पुसावी. आवडलेल्या रंगछटांची मांडणी कागदावर टिपून घ्यावी, कारण पुढच्या वेळी दुसराच कॅमेरा हाती येईल. पांढऱ्या भिंतीचा एफ-१६वरचा फोटो पुन्हा काढून दुकानदाराला दाखवावा आणि कॅमेरा सुस्थितीत मिळाल्याची नोंद घेऊनच दुकानाबाहेर पडावे.