कॅम चेनचा टेन्शनर
क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) देणारी साखळी म्हणजे कॅम चेन. टेन्शनर ती खेचून धरत नाही. साखळीच्या सैल बाजूला टेकलेल्या पट्टीला आडवे रेटून तो झोळ काढतो, कपडे वाळत घातलेल्या दोरीला बांबूचा टेकू द्यावा तसा. साखळी लांबते ती ताणून नव्हे, तर पिना आणि बुश झिजून. त्यामुळे नवा टेन्शनर घातला की जुनी साखळी नीट होते, हा समज चुकीचा आहे.

घरी बदलताना घोटाळा होतो तो बहुधा रॅचेटपाशी (टेन्शनरच्या दट्ट्याला एकाच दिशेने सरकू देणारे दाते). टोयोटाच्या १झेडझेड-एफई इंजिनात टेन्शनर बाहेरूनच, दोन नटांवर बसतो, म्हणून काम किरकोळ वाटते. पण दट्ट्या पूर्ण आत दाबून हुकात अडकवल्याशिवाय टेन्शनर बसवायचा नसतो. नट आवळल्यावर क्रँकशाफ्ट किंचित उलटा फिरवला की हुक सुटतो आणि दट्ट्या पट्टीला टेकतो. टेन्शनर काढलेला असताना मात्र क्रँकशाफ्टला हात लावू नये. साखळीने एक दात जरी सोडला तरी टायमिंग चुकते. ओ-रिंग नवीच घालावी, जुनीतून तेल झिरपते.