धुऱ्यापासून दारापर्यंत: वणव्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट उतरताना अजिंठ्याची डोंगररांग मागे पडते आणि पुढे मोताळ्याचं काळं, सपाट शिवार उघडतं. पावसाळ्यात डोळ्यांना गारवा देणारा हा घाट होळीच्या सुमाराला पिवळा पडतो. सालई, धावडा, साग यांची पानं गळून खाली थर साचतो. उतारांवर कुसळी गवत वाळून उभं असतं. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानतो. शेतकऱ्याच्या घाईचे दिवसही हेच: गहू-हरभऱ्याची काढणी, कुटाराच्या गंज्या, पऱ्हाटीचे ढीग, धुऱ्यांची साफसफाई. डोंगरावरचं सुकं गवत आणि वावरातला सुका कचरा यांच्या मधे बऱ्याच ठिकाणी फक्त एक धुरा उरतो.

त्या धुऱ्याच्या अलीकडे आपलं घर असतं, गोठा असतो, दावणीला बांधलेली ढोरं असतात. त्यांना वाचवण्याची तयारी करायची, तर आधी मनात पक्के बसलेले काही समज दूर करायला हवेत.

गैरसमज 1: कडक उन्हाने किंवा बांबू एकमेकांवर घासून वणवा आपोआप लागतो.

वस्तुस्थिती: ऊन गवताला वाळवतं, पेटवत नाही. पारा 45 अंशांवर गेला तरी वाळलेली काडी पेटायला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. भारतातले जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. न विझवता फेकलेली विडी, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली पेटवलेला पाला, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग, स्वयंपाकानंतर तशीच सोडलेली चूल, ही त्याची नेहमीची कारणं आहेत. ही गोष्ट दुःखाची असली तरी तिच्यातच आशा आहे. जी आग माणूस लावतो, ती माणूस टाळूही शकतो.

गैरसमज 2: वणवा जंगलातून वावरात येतो.

वस्तुस्थिती: तो वावरातून जंगलातही जातो, आणि फार वेगाने जातो. आगीला चढ आवडतो. वर जाणाऱ्या ज्वाळा पुढचं गवत आधीच तापवून ठेवतात. ढोबळ हिशेब असा, की उतार दर 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात दुपारी वारा डोंगराच्या पायथ्याकडून माथ्याकडे वाहतो. म्हणून पायथ्याच्या वावरात एप्रिलच्या दुपारी पेटवलेला धुरा ही डोंगराला लावलेली वातच असते. हीच आग वाऱ्याने आडवी फिरली, तर शेजाऱ्याचं ठिबक, गंजी आणि गोठा तिच्या वाटेत येतात.

पऱ्हाटी आणि धसकटं जाळण्यावाचून इलाज नाही, असंही मानलं जातं. इलाज आहेत. पऱ्हाटीचा यंत्राने भुगा करून तो मातीत मिसळता येतो किंवा त्याचं कंपोस्ट करता येतं. पऱ्हाटी धुऱ्यावर किंवा घराशेजारी उन्हाळाभर रचून ठेवणं तर दुहेरी तोट्याचं आहे, कारण तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते. म्हणजे अळीचा बंदोबस्त आणि आगीचा बंदोबस्त एकाच कामात होतो.

गैरसमज 3: माझ्या बाजूला लागलेली आग हा माझा खासगी मामला आहे.

वस्तुस्थिती: भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. अभयारण्याला धोका पोचेल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडून द्यायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 30 ने मनाई आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यालाही ती लागू आहे. त्याच वन अधिनियमाचं कलम 79 फारसं कुणाला माहीत नसतं. ज्यांना राखीव किंवा संरक्षित जंगलात गुरं चारण्याची वा वनोपज घेण्याची मुभा आहे, त्यांच्यावर आगीची खबर देण्याचं आणि ती विझवायला मदत करण्याचं बंधन हे कलम घालतं.

गैरसमज 4: डोंगर जाळला की पुढच्या वर्षी चारा चांगला येतो.

वस्तुस्थिती: जळालेल्या जागी कोवळे कोंब लवकर दिसतात, त्यामुळे हा समज पिढ्यान् पिढ्या टिकला. पण आगीत गवतातला बहुतेक नत्र हवेत उडून जातो. उरलेली राख अजिंठ्याच्या उघड्या मुरमाड उतारावरून पहिल्याच मोठ्या पावसात मातीसकट ओढ्यात उतरते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कुसळीच्या बियांना लांब पीळदार शेपूट असतं. हवेतल्या ओलीने ते फिरतं आणि बी मातीत रुतत जातं. वरून आग गेली तरी मातीतलं बी वाचतं. गुरांना आवडणारं पौष्टिक गवत मागे पडतं आणि कुसळी पसरत जाते. तिची कुसं जनावरांच्या तोंडात टोचतात. वर्षानुवर्षं जाळलेल्या रानात शेवटी चाऱ्याऐवजी काटेरी जळण वाढतं. डोंगरालगतचं गवत पावसाळा संपताच कापून आणलं, तर चारा मिळतो आणि आगीचं खाद्यही कमी होतं.

गैरसमज 5: ज्वाळा भिंतीला भिडल्या तरच घर पेटतं.

वस्तुस्थिती: बरेचदा ज्वाळा लांबच थांबतात आणि उडालेल्या ठिणग्या घर पेटवतात. 7 फेब्रुवारी 2009 रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांनी 173 जणांचा जीव घेतला. तिथल्या अभ्यासकांचा जुना अनुभव हेच सांगतो, की घरं मुख्यतः ठिणग्यांनी जातात. आपलं जंगल त्यांच्या निलगिरीच्या रानाइतकं भडकत नाही. पण गोठ्याच्या माळ्यावर भरलेल्या कुटाराला एक ठिणगीही पुरते. टिनपत्रा जळत नाही, मात्र त्याखालचे बांबू, बारदान आणि फटीतली पक्ष्यांची घरटी जळतात. कवेलूंच्या फटींतूनही ठिणगी आत शिरते.

म्हणून होळीच्या आधी ही कामं उरकावीत:

- घर आणि गोठ्याभोवती तीस पावलांपर्यंत वाळलेलं गवत, पालापाचोळा, पऱ्हाटी, तुराट्या राहू देऊ नयेत.
- कुटाराची आणि कडब्याची गंजी घराला चिकटून रचू नये. एक मोठी गंजी घालण्यापेक्षा अंतर ठेवून दोन-तीन लहान घालाव्यात, म्हणजे एक पेटली तरी वर्षाचा चारा जात नाही. उन्हाळ्यात चारा पैशानेही सहज मिळत नाही.
- जंगलाकडच्या धुऱ्याच्या आतून वखराची पाळी देऊन चार-पाच मीटरचा उघड्या मातीचा पट्टा काढावा. वन विभाग जंगलात जाळरेषा काढतो. हा पट्टा म्हणजे आपल्या वावराची जाळरेषा. तो वखरूनच काढावा, जाळून नाही.
- छपरावरचा पाला झाडावा, कवेलू चाळून घ्यावेत.
- डिझेल, रासायनिक खतं आणि कीटकनाशकं कुटारापासून वेगळी ठेवावीत. पेटलेल्या औषधांचा धूर विषारी असतो.
- विजेच्या डीपीखालचं गवत काढावं आणि पिकावर लोंबणाऱ्या तारांची तक्रार 1912 या क्रमांकावर नोंदवावी.

गैरसमज 6: घराजवळची झाडं तोडली की धोका टळला.

वस्तुस्थिती: हिरवा कडुनिंब सहजासहजी पेटत नाही. उलट तो वारा अडवतो आणि ठिणग्याही काही प्रमाणात झेलतो. धोका त्याच्याखाली साचलेल्या पाल्यात आहे. कुऱ्हाडीपेक्षा खराटा जास्त कामाचा. खरी भीती वाळलेल्या बाभूळकाट्यांच्या कुंपणाची. ते पेटलं की आग थेट दारापर्यंत चालत येते. निदान घर-गोठ्याला लागून असलेला कुंपणाचा भाग जिवंत झाडोऱ्याचा किंवा तारेचा असावा.

गैरसमज 7: विहिरीला पाणी आहे, मोटार आहे, मग भीती कसली?

वस्तुस्थिती: शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच असते आणि आग वेळ पाहून येत नाही. आगीत तारा तुटल्या तर तीही जाते. गोठ्याशेजारी दोनशे लिटरचे दोन ड्रम कायम भरलेले असावेत. सोबत बादल्या, ओली करता येतील अशी पोती, फावडी आणि औषधाचा अंश उरू न देता धुतलेला फवारणी पंप असावा. पंपाने मोठी आग विझत नाही, पण ठिणग्या आणि धुमसणारे कोपरे विझवायला तो उत्तम.

गैरसमज 8: आग दिसली की सगळ्यांनी धावून झोडपून काढायची.

वस्तुस्थिती: गुडघाभर ज्वाळा हिरव्या डहाळीने दाबून विझवता येतात. डहाळी उंच उगारली की ठिणग्या उडतात, म्हणून ती दाबून धरायची. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या तर मागे फिरा. आगीच्या वरच्या बाजूला, चढावर कधीच उभं राहू नका. अंगात सुती कपडे आणि पायात बूट हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. आधी म्हातारी माणसं आणि मुलं हलवा, मग ढोरं सोडा. या हंगामात दावं एका ओढीत सुटेल अशाच गाठीने बांधा, कारण धुरात बिथरलेल्या बैलाची घट्ट गाठ सोडता येत नाही.

फोनही त्याच वेळी गेला पाहिजे: वन विभागाचा 1926, नाहीतर 112. उपग्रहावरून वन विभागाला आगीची सूचना मिळते, पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातात. लहान आग सर्वांत आधी गावकऱ्यालाच दिसते.

ज्वाळा गेल्या म्हणजे आग विझली असंही समजू नका. बुंधे, गोवऱ्या आणि उकिरडे आतून कित्येक दिवस धुमसतात. उलटा हात जवळ नेऊन ऊब लागते का पाहा. लागली तर उकरून, पाणी आणि माती टाकून पुन्हा पाहा.

आणि माणसं-ढोरं न्यायची कुठे? मोताळ्याच्या शेतकऱ्याकडे त्याचं उत्तर आहे: नांगरून ठेवलेलं काळं वावर. तिथे जळण्यासारखं काहीच नसतं. घराजवळचं एक वावर फेब्रुवारीतच नांगरून ठेवा आणि घरातल्या लहानात लहान मुलालाही ते दाखवून ठेवा. डोंगर धुराने भरला की कुठे पळायचं, हे त्या दिवशी सांगायला वेळ नसतो.